तांबड्या रेघा

दिवा राहू द्या. या हकिकतीला अंधाराची गरज नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडले, त्या गृहस्थांना मी तीस वर्षे ओळखत होतो, आणि पदरचे अक्षर घालण्याची त्यांची प्रकृती नव्हती.

ते एका ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांची सूची करीत. एक नामवंत नाट्य-अभिनेत्री वारल्या आणि मुलीने दिलेली त्यांची अकरा खोकी सूचिकारांच्या टेबलावर आली. त्यांत बाईंच्या नकला होत्या, म्हणजे स्वतःच्या वाट्याची भाषणे उतरवलेल्या वह्या. जिथे श्वास घ्यायचा, तिथे बाई तांबड्या पेन्सिलीने तिरपी रेघ ओढीत आणि पाठ होईपर्यंत मोठ्याने म्हणत.

अकराव्या खोक्यात मुलीने लहानपणी वसतिगृहातून पाठवलेली तेवीस पत्रे निघाली. पाकिटे डिंकाने बंद. एकही फोडलेले नव्हते.

बंद पाकीट सूचिकाराने उघडायचे नसते. ‘बंद’ एवढीच नोंद करायची. ती त्यांनी तेवीस वेळा केली. वाईट वाटले नाही. पत्नी गेल्यापासून त्यांना काही वाटेनासेच झाले होते.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“साहेब, मी साठीला आले. आईनं माझी पत्रं वाचली होती का, तेवढं सांगा.”

“उद्या सकाळी या, ताई.” ‘नाही’ म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

तो गुरुवार. रात्रीचे पावणेदहा. पहारेकरी डोकावला.

“घरी जा की साहेब. बाईंची नाटकं हाउसफुल जायची, आता प्रेक्षक तुम्ही एकटेच.”

“घरी तरी कोण आहे? तू जेवून ये.”

पत्रे त्यांनी पोलादी कपाटात ठेवली. कुलूप लावले. किल्ली खिशात टाकली. सूची लिहायला बसले.

कपाटात कागद उलगडला...

मग एक आवाज. वयस्कर. संथ.

“आई... मला इथे करमत नाही...”

श्वास.

“रविवारी सगळ्यांच्या आया येतात...”

श्वास.

ते उठले नाहीत. हातातली लेखणीही हलली नाही. तीच वाक्ये पुन्हा. आणि पुन्हा. पाठ होईपर्यंत...

पहारेकरी परतला, तेव्हा सारे शांत होते.

सकाळी मुलगी आली. तिच्यासमोरच त्यांनी कुलूप काढले. पाकिटे होती तशीच होती. बंद.

“म्हणजे नाहीच वाचली,” ती म्हणाली. “त्या डिंकाची चव अजून जिभेवर आहे माझ्या.”

मग वरचे पाकीट तिने स्वतःच फोडले. त्यांनी अडवले नाही.

आत पोरवयाचे वाटोळे अक्षर. ‘आई, मला इथे करमत नाही. रविवारी सगळ्यांच्या आया येतात...’

शब्दांच्या मध्ये तांबड्या तिरप्या रेघा.

तिने एका रेघेवरून बोट फिरवले. बोटाला तांबडी भुकटी लागली.