चार नंबरचा पडदा

कावळ्याला भात चालतो, वडा चालतो, कधी कधी काहीच चालत नाही.

काळा पडदा. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ. लुकलुकते.

युरियाचा वास आधी डोळ्यांना लागतो, मग नाकाला.

रिटायर फौजी रडतानाही अटेन्शनमध्येच रडतो.

"सर, हे परीक्षेला येतं का?"

*

हे खरं घडलंय. खरं आहे म्हणूनच मला त्याचा राग येतो. खोटं असतं तर मी याहून बरं रचलं असतं.

साल १९९८. उंब्रज, एसटी स्टँडसमोर, खतांच्या दुकानाच्या वरचा मजला. वेळ दुपारी दोन. पांढरी साडी, पैंजण, अमावस्या यांच्या आशेनं वाचायला बसला असाल तर पान उलटा. बाहेर लख्ख उजेड होता आणि खाली हमाल शिव्या देत पोती उतरवत होते.

मी प्रबुद्ध. गाव शिराळ्याजवळ. सांगलीत डिप्लोमा केला आणि नोकरी लागेपर्यंत नानासोंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला राहिलो. नानासो मूळचे ऊसवाले. मॉनिटरला ते कॉम्प्युटर म्हणायचे आणि खालच्या डब्याला स्टॅबिलायझर. चपला बाहेर काढायला लावायचे, कारण मशिनला धूळ चालत नाही. स्वतः मात्र आत बसून तंबाखू मळायचे.

मशिनं तीन. दोन विंडोजची, तिथं गर्दी. तिसरं जुनं आणि सुस्त. त्याच्यावर मी लिनक्स टाकलं होतं. पुण्याहून आणलेल्या एका मासिकाबरोबर त्याची सीडी फुकट मिळाली होती. फुकट म्हटल्यावर नानासोंनी दुसऱ्या दिवशी पाटी रंगवून घेतली. 'लिनक्स शिका, अमेरिकेत नोकरी.' अमेरिका सोडा, पाटीवर लिनक्ससुद्धा चुकीचं लिहिलं होतं.

त्या मशिनवर चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा आणि हुकूम. ls म्हणजे इथं काय काय आहे ते दाखव. cd म्हणजे दुसऱ्या जागी जा. pwd म्हणजे मी आत्ता कुठे आहे ते सांग. एवढं शिकवायला मला तीन आठवडे लागायचे. पोरं हुकूम पाढ्यासारखे सुरात म्हणायची. पाठ सगळ्यांना. समज कुणालाच नाही.

एका मशिनवर चार पोरं होती. लिनक्समध्ये एक सोय असते. एकाच मशिनमध्ये सहा पडदे. आल्ट आणि एफ-एक दाबलं की पहिला पडदा, एफ-दोन दाबलं की दुसरा. प्रत्येक पडद्यावर वेगळा माणूस आपलं नाव आणि पासवर्ड टाकून आत जाऊ शकतो. म्हणून मी प्रत्येकाला एकेक पडदा वाटून दिला होता. दहा मिनिटं झाली की पडदा बदल, ऊठ, दुसऱ्याला बसू दे.

चौथा पडदा सयाजीचा.

सयाजी चौघांत सगळ्यात मठ्ठ. बाप आकाराम फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेला. पोरगा भरतीत दोनदा छातीत कमी भरला, म्हणून कॉम्प्युटर. एंटरचं बटण तो असं हाणायचा, की खाली दुकानात ऐकू जायचं.

खट.

मी म्हणायचो, ते बटण आहे, खुंटा नाही. तो हसायचा. मान हलवायचा. आणि पुन्हा... खट.

कोर्स बारा धड्यांचा. सात झाले, आणि जुलैच्या शेवटी हायवेवर एका ट्रकनं त्याला सायकलसकट उडवलं.

मला वाईट वाटलं का? आता तिघांना प्रत्येकी जास्त मिनिटं मिळतील, असं वाटलं. खरं सांगायचं ठरलंय म्हणून सांगतो.

*

दहाव्या दिवशी जोतिबा मोटारसायकल घेऊन आला. त्याच मशिनवरचा पोरगा, तिसऱ्या पडद्याचा.

"सर, संगमावर बोलावलंय. कावळा शिवंना."

पिंडाला कावळा शिवला की मेलेला सुटला. नाही शिवला, तर त्याचं काहीतरी राहिलं. मग घरचे एकेक वचन देत उन्हात बसतात. आमच्या घरात हे नाही. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच पिंड आणि कावळा दोन्ही सोडले. वडील, धोंडिराम, म्हणायचे, कावळ्याला भूक लागली की तो येतो, बाकीचं सगळं माणसांचं.

आणि घर कुणाचं, तर आकारामांचं. जूनमध्ये मी त्यांच्याकडे एकदा गेलो होतो. सगळ्यांना चहा स्टीलच्या पेल्यांत आला. मला कान तुटलेल्या कपात. निघताना तो कप मीच विसळून ठेवावा, म्हणून मनुबाई, सयाजीची आई, दारात थांबल्या होत्या. ठेवला.

आता त्याच घरानं मोटारसायकल पाठवली होती. मी गेलो. मजा बघायला गेलो.

दोन तास होऊन गेले होते. बहिणीचं लग्न थाटात करू, हे म्हणून झालं होतं. त्याची म्हैस विकणार नाही, हेही झालं होतं. पलीकडच्या बाभळीवर चार कावळे बसून होते. आकाराम पिंडासमोर हात बाजूला ताणून उभे. मग कुणाला तरी आठवलं होतं, की पोराचा कोर्स राहिलाय.

"सर, तुमी म्हना," आकाराम म्हणाले. "तुमचं लय ऐकायचा त्यो."

माझं तो कधीच ऐकायचा नाही. पण पन्नास माणसं बघत होती. मी वर्गातला आवाज लावला.

"सयाजी, राहिलेले पाच धडे मी शिकवतो. सोमवारी दुपारी दोनला ये. उशीर करू नको."

आणि हसू दाबलं.

बाभळीवरून एक कावळा उठला...

सरळ आला. इकडं तिकडं बघितलं नाही. पिंडाला चोच लावली.

बायका रडायला लागल्या. मनुबाई माझ्या पाया पडायला वाकल्या. मी पाय मागे घेतले.

दोन तासांचा उपाशी कावळा. येणारच की.

*

सोमवार. सकाळपासून लाईट नव्हती. पावणेदोनला आली.

मी मशिन चालू केलं. नव्यानं चालू झालेल्या मशिनचे सगळे पडदे रिकामे असतात. नुसतं नाव विचारत उभे. पहिला तसाच होता. दुसरा. तिसरा.

चौथा मी सवयीनं दाबला.

कुणीतरी आत होतं...

सयाजीचं नाव टाकलेलं. पासवर्ड टाकलेला. आणि खाली एक हुकूम.

pwd

मी आत्ता कुठे आहे.

मी वळलो. चावटपणा कुणाचा, म्हणून विचारलं. तिघांचे हात वहीवर होते. कीबोर्डला त्या दिवशी माझ्याशिवाय कुणी शिवलं नव्हतं. मी सयाजीचा पासवर्ड बदलला. मशिन बंद केलं. पुन्हा चालू केलं. चौथा पडदा.

आत.

pwd

pwd

मी पहिल्या पडद्यावर येऊन सयाजीचं खातंच पुसायचा हुकूम दिला. मशिननं नकार दिला. हा माणूस सध्या काम करतोय, त्याला पुसता येणार नाही.

मशिन नियमानं चालतं. हे मीच पोरांना शिकवायचो.

पोरं पळाली नाहीत. हे मला आजही विचित्र वाटतं. जोतिबानं वही उघडली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आठवा धडा घ्या सर. तुमीच बोलावलाय न्हवं त्याला."

मी घेतला. एका अडाण्यानं सांगितलं म्हणून घेतला.

तिघांची पाळी झाली. मग खुर्ची रिकामी ठेवून मी चौथा पडदा लावला. आम्ही चौघं भिंतीला टेकून उभे राहिलो. पंखा फिरत होता. खाली हमाल गप्प झाले होते.

खट.

*

दर सोमवारी मनुबाई यायच्या. वर येत नसत. युरियाच्या वासात जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायच्या. पोरगा सुटेपर्यंत गोड खायचं नाही, आणि सोमवारी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं त्यांनी धरलं होतं. क्लास सुटला की एवढंच विचारायच्या, "आला व्हता का?"

मी मान हलवायचो. त्या पदर सावरून वाडीला चालत जायच्या.

नववा धडा फाईलची नक्कल करण्याचा. जिवंतपणी जमलं नव्हतं, मेल्यावर कुठलं जमायला. चौथ्या पडद्यावर तोच हुकूम चार वेळा चुकला. दोन नावं एकमेकांना चिकटवलेली. मशिन चार वेळा तेच सांगत होतं, की असं काही नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मध्ये जागा सोड, गाढवा."

पडदा थांबला...

मग पाचव्यांदा हुकूम उमटला. मध्ये जागा सोडलेली.

खट.

जोतिबा हसला. मला घाम फुटला. भीतीचा होता असं मी मानत नाही. पत्र्याखालची खोली होती.

दहावा झाला. अकरावा झाला. नानासोंना कुणी सांगितलं असावं. त्यांनी मशिनला हार घातला आणि लिंबू टांगलं. त्यापलीकडे त्यांची अक्कल जात नव्हती.

मग सांगलीहून नोकरीचं पत्र आलं. सोमवारी सकाळी दहाला हजर व्हा.

एक दिवस मागून घेता आला असता. एक फोन करायचा होता. दुपारी दोनला धडा घेऊन संध्याकाळच्या एसटीनं निघता आलं असतं. पण पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवसाला काय कारण सांगायचं? एका मेलेल्या मठ्ठाचा धडा राहिलाय? एका धड्यानं असं काय अडतंय?

शनिवारी मी सर्टिफिकेट छापलं. सयाजीचं नाव, प्रथम श्रेणी, नानासोंची सही. मनुबाईंना बोलावणं पाठवलं. त्या आल्या, त्याच पायरीवर बसल्या. मी कागद दिला.

"सुटला का, सर?"

आईला कळतं म्हणतात. काही कळत नाही. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांना काही कळलं नाही.

"सुटला," मी म्हणालो.

त्यांनी कागद उलटा धरून कपाळाला लावला. मग कनवटीचा गुळाचा खडा काढला आणि तिथंच पायरीवर तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिल्या. मला म्हणाल्या, "आता रात्रीचं बी झोपंन बगा मी."

मी वर आलो. मशिन बंद करून किल्ली नानासोंना द्यायची होती. पाच वाजले होते, खिडकीतून ऊन सरळ कीबोर्डवर पडलं होतं. शनिवार. त्याचा दिवस नव्हे.

चौथा पडदा दाबायची काही गरज नव्हती.

दाबला...

वरपासून खालपर्यंत भरलेला होता. मी शिकवलेला एकही हुकूम त्यात नव्हता. इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द. प्रत्येक शब्दाखाली मशिनचं एकच उत्तर.

sutti

असा हुकूम नाही.

jau ka

असा हुकूम नाही.

bas

असा हुकूम नाही.

ghari

असा हुकूम नाही.

मी बघत असताना खाली आणखी एक ओळ उमटायला लागली. एकेक अक्षर. सावकाश. एका बोटानं टाईप करणाऱ्यासारखी.

aai

खट.

असा हुकूम नाही.

मी भिंतीतली पिन उपटली. किल्ली नानासोंच्या हातात न देता गल्ल्यावर ठेवली आणि जिना उतरलो. मनुबाई गेल्या होत्या.

*

क्लास पुढच्या वर्षी बंद पडला. पडणारच होता. दोन मशिनं कराडच्या कुणीतरी नेली. तिसरं कुठं गेलं ते नानासोंना आठवत नाही. भंगारात म्हणतात, एका शाळेला दिलं असंही म्हणतात. मी दोनदा चौकशी केली. का केली, ते विचारू नका.

जोतिबा एकदा सांगली स्टँडवर भेटला. मनुबाई बऱ्या आहेत म्हणाला. सर्टिफिकेट काचेत लावलंय. आल्यागेल्याला दाखवतात, की सरांनी पोराला सोडवला. मग तो माझ्याकडे बघत राहिला. बारावा धडा कुणी घेतला, असं त्यानं विचारलं नाही. मी चहा पाजतो म्हणालो, तो नको म्हणाला आणि त्याच्या गाडीकडे चालायला लागला.

माझं काम अजून याच काळ्या पडद्यांवर चालतं. मी भित्रा नाही. फक्त चौथा पडदा मी उघडत नाही. हाताखालच्या पोरांनाही पाचवा वापरायला सांगतो. कारण विचारलं तर ओरडतो.

मार्चमध्ये, क्लासच्या दुसऱ्याच दिवशी, सयाजीनं हात वर करून विचारलं होतं, की सर, आत गेल्यावर भायेर कसं पडायचं, आणि मी सांगितलं होतं, की ते बाराव्या धड्यात आहे.