परक्या जबड्याचं माप

जयसिंगपूरला भूपालअण्णा उपाध्यांच्या लॅबमध्ये सहा वर्षांत प्लास्टरची धूळ उडाली नव्हती. पूर्वी दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडात लगदा भरून माप घ्यायचे आणि लॅबमध्ये त्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचं मॉडेल व्हायचं. आता डॉक्टर पेनाएवढा स्कॅनर तोंडात फिरवत. वीस सेकंदांत शेकडो फोटो निघत, संगणक ते एकमेकांना जोडून जबडा उभा करी, आणि रोगी खुर्चीवरून उठायच्या आत अण्णांच्या लॅबमधलं मशीन टायटॅनियमची पट्टी कोरायला लागे. शेजारचं छपाईयंत्र त्याच स्कॅनवरून जबड्याचं मॉडेल छापी. अण्णा पट्टी त्या मॉडेलवर बसवून बघत. ती दरवेळी बसे.

त्यांच्या बायकोच्या, शालनच्या, खालच्या जबड्याचं कामही असंच झालं. दात सगळे गेले होते. हाडात चार इम्प्लांट, म्हणजे धातूच्या खुंट्या, रुतवल्या आणि टायटॅनियमच्या पट्टीवर घडवलेला दातांचा अख्खा ब्रिज त्यांवर स्क्रूंनी बसवला. काम केलं डॉ. संमेद मगदूमनं. कॉलेजात असताना तो सुट्टीत अण्णांकडे दात घडवायला शिकायला यायचा. शालनच्या हातचं जेवलेला पोरगा.

ब्रिज बसला त्या दिवसापासून शालनला दुखायला लागलं.

"चार खुंट्यांना दोरी बांधून कुणीतरी ओढतंय असं वाटतं," ती म्हणायची.

संमेदनं दोनदा तपासलं. पडद्यावर जबडा हिरवागार दिसत होता. हिरवा म्हणजे चूक केसाच्या जाडीपेक्षा कमी. "काकी, सवय होईल," तो म्हणाला. घरी अण्णांनीही तेच सांगितलं. "मी स्वतः मॉडेलवर बसवून बघितलंय. तसूभर फरक नाही."

"मग त्या मॉडेललाच भडंग खायला घाला," शालन म्हणाली. "मी बसते दुधात भाकरी कुस्करत."

एकदा साफसफाईसाठी ब्रिज काढला होता, तेव्हा ती खुर्चीवरच हटून बसली. सोबत आलेल्या अण्णांना म्हणाली, "जुन्या पद्धतीनं माप घ्या. प्लास्टरचं. तुमच्या हातानं."

संमेद हसला. "अण्णा, प्लास्टर आता कुठून, संग्रहालयातून आणणार?"

तिचं मन राखायला अण्णांनी माप घेतलं, मॉडेलही ओतलं. पण ब्रिज परत तिच्या तोंडात गेला होता. मॉडेलवर बसवून बघायला दुसरी पट्टी कोरावी लागली असती. चाळीस मिनिटांचं काम. मशीनवर दुसरी कामं होती. तिनं दोनदा विचारलं, "बघितलं का?" तिसऱ्यांदा विचारलं नाही. पुढे दुखतं म्हणायचंही तिनं सोडलं. अण्णांना वाटलं, झाली सवय.

वर्षभरात ती अकरा किलोंनी उतरली. थंडीत न्यूमोनिया झाला आणि चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, झुंजायला अंगात ताकदच उरली नव्हती.

दीड महिन्यानं अण्णा लॅबमध्ये आले. आल्या आल्या त्यांनी शालनची फाइल मशीनला दिली आणि पट्टी कोरायला लावली.

एक जुनी चाचणी त्यांना माहीत होती. चार स्क्रूंपैकी एका टोकाचा एकच आवळायचा. माप खरं असेल तर पट्टीचं दुसरं टोक जागचं हलत नाही. छापलेल्या मॉडेलवर त्यांनी स्क्रू आवळला. दुसरं टोक हललं नाही. मग प्लास्टरच्या मॉडेलवर आवळला. दुसरं टोक वर उचललं गेलं. त्या फटीत त्यांनी व्हिजिटिंग कार्ड सरकवलं. ते आरपार गेलं.

त्यांनी चारही स्क्रू आवळले. फट बंद झाली. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसलं असतं. पण पट्टी आता वाकून दाबलेली होती, आणि सुटायला बघत ती चारही स्क्रूंना ओढत होती. इथं ते प्लास्टर होतं. तिथं शालनचं हाड होतं.

अण्णा स्टुलावर बसले. छापलेलं मॉडेल त्याच स्कॅनमधून आलं होतं, पट्टीही त्याच स्कॅनमधून. स्कॅन चुकलं तर दोन्ही सारखीच चुकणार आणि एकमेकांवर छान बसणार. चोराची साक्ष चोरानंच दिली होती आणि सहा वर्षं ती त्यांनी खरी मानली होती.

दुपारी ते दोन्ही मॉडेलं घेऊन संमेदच्या दवाखान्यात गेले.

"अण्णा, प्लास्टर फुगतं," संमेद म्हणाला.

"एवढं फुगत नाही. तिचं स्कॅन उघड."

"आता कशाला?"

"उघड."

पडद्यावर हिरवा जबडा आला. कोपऱ्यात एक बंद बटण होतं, 'भरणी दाखवा'. संमेदचा हात तिकडे गेला नाही. अण्णांनीच बोट ठेवलं. हिरव्यातला जवळजवळ अर्धा भाग करडा झाला.

"हे काय?"

"दात नसलेला जबडा गुळगुळीत असतो," संमेद हळू बोलत होता. "फोटोला फोटो जोडायला खूण सापडत नाही. त्यात जीभ मध्ये येते. मग जिथं फोटो नाहीत तिथं संगणक अंदाजानं भरतो. हजारो लोकांच्या जबड्यांवरून."

"म्हणजे करड्या भागात शालन नाही."

संमेदनं खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली.

"हे बटण तू बंद ठेवलं होतंस?"

"सगळेच ठेवतात, अण्णा. करडं दिसलं की परत स्कॅन, परत जीभ, परत थुंकी. रोगी घाबरतो, दुसरीकडे जातो. आणि बहुतेकांना काही होतही नाही."

"तिनं तुला जेवायला वाढलंय रे."

संमेदचे डोळे भरले. पण तो म्हणाला, "अण्णा, मी तुम्हाला विचारलं होतं. बसतंय का म्हणून. तुम्ही म्हणालात, तंतोतंत बसतंय. तुम्ही म्हणालात म्हणून मी काकींना सवय होईल म्हटलं."

येताना अण्णांचा सगळा राग एका माणसावर होता. आता तो कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. मला दुखतं, एवढंच ती म्हणाली होती. दोघांनी पडद्याला विचारलं, मॉडेलला विचारलं. तिला सोडून सगळ्यांचं खरं मानलं.

"असे अख्खे ब्रिज आपण दोघांनी किती केले?"

"दोनशे सतरा. अण्णा, फोन करू नका. दवाखाना बंद पडेल. तुमची लॅबही."

"पडू दे. तू स्कॅन उघडायला बस. मी फोन करतो."

यादीतलं पहिलं नाव कुरुंदवाडच्या पद्मावती आवटींचं होतं. फोन त्यांच्या नवऱ्यानं उचलला.

"ब्रिज ना? झकास आहे. आधी कुरकुर असायची तिची, आता काही बोलत नाही."

"जरा त्यांना देता का?"

हाका मारल्या गेल्या. भांडी ठेवल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज आला, "बोला."

"मी तुमचा ब्रिज घडवणारा. भूपाल उपाध्ये. बाई, तुम्हाला दुखतं का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या,

"खरं सांगू, का डॉक्टरांना सांगते तसं सांगू?"