एक्केचाळिसावं दार

"उद्या तुम्ही पहिल्यांदा त्या जहाजावर उतरणार, म्हणून सांगतो," काका म्हणाले. "एरवी ही गोष्ट मी तोंडातून काढत नाही."

डायव्हिंगचे ओले सूट दोरीवर टाकणारी चौघं शिकाऊ मुलं थांबली. काका सिलिंडरमध्ये हवा भरायचे. कॉम्प्रेसर नुकताच बंद झाला होता, आणि एवढा वेळ त्याच्या आवाजानं भरलेली खोली एकदम रिकामी वाटू लागली होती.

"भुताची आहे?" चष्मिशनं विचारलं.

"खरी आहे. भुताची आहे की नाही, ते तू ठरव."

"मग दिवा राहू दे बाई."

सगळे हसले. पण दिव्याला कुणी हात लावला नाही.

काकांच्या ओळखीत एक मिस्त्री होता. गॅसनं लोखंड कापणारा, हाताचा पक्का. अकरा वर्षांपूर्वी ते जुनं मालवाहू जहाज मुद्दाम बुडवायचं ठरलं. बुडालेल्या लोखंडावर प्रवाळ धरतं, मासे घर करतात आणि माणसं ते बघायला खाली उतरतात. पण असं जहाज बुडवण्याआधी त्याचं एकूण एक दार कापून काढावं लागतं. आत शिरलेल्या माणसामागे पाण्याच्या हेलकाव्यानं दार लागलं, तर संपलंच. त्या जहाजाला दारं होती एक्केचाळीस. मिस्त्रीनं चाळीस कापली. शेवटचं, इंजिनामागच्या कोठीचं, राहिलं आणि गॅस संपला. पहाटेच्या भरतीला जहाज ओढून न्यायचं होतं. त्यानं दार सताड उघडलं, जाड तारेनं भिंतीशी आवळलं आणि कागदावर लिहिलं, 'सर्व दारे काढली'. हत्तीनं ओढलं तरी सुटायचं नाही, असं मनाला सांगितलं आणि घरी जाऊन झोपला.

तार सुटायला सात वर्षं लागली.

मासे मोजायला उतरणारी एक मास्तरीणबाई त्या कोठीत गेली, ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी सापडली तेव्हा दार उघडंच होतं. लाटेनं लावलेलं, लाटेनंच उघडलं असणार. भिंतीला टेकलेल्या त्या शेवाळलेल्या पत्र्याकडे कुणी दार म्हणून पाहिलंच नाही. बाई घाबरली, वाट चुकली, हवा संपली, असा शेरा पडला. लोकही म्हणाले, पोरांना शिस्त शिकवायची आणि स्वतः असं वागायचं!

तिचे वडील शिंपी. मिस्त्री एकदा पँट आखूड करायला गेला, तर म्हातारा मशीन थांबवून म्हणाला, "सुईत दोरा ओवतानासुद्धा दोनदा बघायची हो ती. ती कशी चुकली असेल?"

"समुद्र आहे आबा..." मिस्त्री म्हणाला. आणि पँट तिथंच टाकून निघून आला.

पुढच्याच महिन्यात, एक्कावन्नाव्या वर्षी, तो काकांच्या केंद्रात डायव्हिंग शिकायला आला. त्याच्या मेव्हण्याची होडी होती. मेव्हणा हसून म्हणायचा, "दाजी, या वयात लोक गुडघ्यांना तेल लावतात. तुम्ही पायांत माशाचे पंख बांधताय!" मिस्त्री कुणालाच कारण सांगत नव्हता. दार गुपचूप काढून टाकायचं, मग शिंप्याला सगळं सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एकोणीस नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. चंद्र उगवायला अजून तासभर होता.

"जोडीदाराशिवाय पाण्यात नाही, दाजी. तुमच्याच वर्गात शिकवलंय."

"हरवलेला टॉर्च आणतो. वीस मिनिटं."

"टॉर्च शोधायला हातकरवत लागते होय?"

मिस्त्रीनं करवत कमरेच्या पट्ट्यात खोचली. दोरीला धरून खाली गेला.

चोवीस मीटरवर इंजिनाची खोली. मागे कोठी. दार लागलेलं होतं. त्यानं बिजागरीला करवत लावली, तोच आतून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

डायव्हर दुसऱ्याला बोलवायला सिलिंडरवर धातू आपटतात ना, तसा.

त्याला वाटलं, कुणीतरी अडकलंय. दुसरं काही वाटलंच नाही. त्यानं दार ओढलं. सहज उघडलं. आत प्रकाश टाकला. गाळ... पाइप... एक छोटा मासा. माणूस नाही. तो हातभर आत सरकला. मग दोन हात.

मागे दार लागलं.

टॉर्च विझला.

त्यानं ढकललं. खांदा लावला. दार भिंतीसारखं. तोंडातली हवा मोठमोठ्यानं वाजू लागली. आणि मग... त्याच्या उजव्या हाताला हात लागला.

काका थांबले. चौघांतल्या लंबूनं ओला सूट छातीशी धरला होता, ते त्याच्याही लक्षात नव्हतं.

"अंधारात खूण हातावरच करतात. तुम्हाला शिकवलंय."

तो हात गार होता. त्यानं मिस्त्रीचा अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. ठीक?

मिस्त्रीनं सवयीनं उलट गोल केला. ठीक.

हात आवळला.

पुन्हा. ठीक?

ठीक.

हाडं दुखेपर्यंत आवळला. सोडेना. हवा कमी होत होती. आणि त्याला कळलं, की हा आपल्याला काय विचारतोय. नऊ वर्षं आपण हेच तर सांगत आलोय. कागदावर. घरी. त्या म्हाताऱ्याला...

त्यानं बोटं सोडली. पंजा पसरला. डावी-उजवीकडे हलवला.

ठीक नाही.

हात सुटला. दार उघडलं.

वर आल्यावर मेव्हण्यानं ओढून घेतलं तर हा ढसाढसा रडतोय. "दाजी, झालं काय?" "शिंप्याकडे चल," एवढंच. ओल्या अंगानं, रात्री साडेनऊला, त्यानं शिंप्याच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. तार, कागद, सगळं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे माझी पोर चुकली नव्हती?"

"नाही आबा. मी चुकलो."

"मग ते दार मला दाखव. चार लोकांसमोर दाखव."

सकाळी दहाला बंदरातले दोन डायव्हर कॅमेरा घेऊन उतरले. होडीत बंदराचे साहेब, मिस्त्री आणि काठी धरून शिंपी. तासाभरानं डायव्हर वर आले आणि एकमेकांकडे बघायला लागले.

"दार नाही साहेब. नुसती चौकट."

"काल होतं!" मिस्त्री ओरडला. "माझ्या हातानं ओढलंय मी! खाली पडलं असेल, बघा ना!"

"चारी बाजूंनी बघितलं."

साहेबांनी जुना कागद काढून त्याच्यापुढे धरला. "मिस्त्री, तुमचं काम बरोबर होतं. उगाच स्वतःला का त्रास करून घेता?"

शिंप्यानं मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोललास. कळलं मला. पण असं नको करायला होतंस." आणि तोंड फिरवून किनाऱ्याकडे बघत बसला.

खोलीत लंबूनं हातातला सूट दोरीवर टाकला. मग चष्मिशनं हळूच विचारलं, "पण काका... कुणीतरी रात्रीतून कापून नेलं असेल ना?"

"तेच मीही म्हणालो होतो. मग त्या डायव्हरनी मला फोटो दाखवला." काकांनी मूठ वळून दिव्याखाली धरली. "तिन्ही बिजागऱ्यांचे तुकडे चौकटीवर होते. कापलेले. आणि कापलेल्या जागेवर प्रवाळ धरलं होतं. एवढं... मुठीएवढं. तेवढं वाढायला नऊ वर्षं लागतात."