हानसाठीचे पाव

उयेन बाजारातून दुसऱ्याचीच गाडी घेऊन घरी आली, आणि घरी पोचेपर्यंत तिच्या ते लक्षातही आलं नाही.

पाऊस कोसळत होता. दुकानाबाहेरच्या सगळ्या गाड्या सारख्याच जुन्या, सारख्याच भिजलेल्या. तिने किल्ली घातली, ती फिरली, उयेन निघाली. दालातच्या डोंगराळ शहरात गाड्यांची कुलपं इतकी झिजलेली असतात की कधीकधी त्यांना दुसऱ्याचीही किल्ली चालते. आईच्या टपरीपाशी येऊन तिने पुढच्या टोपलीतली पिशवी उघडली, तर आत भाजी नव्हती. एक अॅल्युमिनियमचा डबा होता, आणि आतल्या पिठाने त्याचं झाकण टोपीसारखं डोक्यावर उचलून धरलं होतं.

आई गल्लीच्या तोंडाशी खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा आणि पाव विकायची. डाव हातात धरूनच ती ओरडली, “गाडी बदलून आणलीस? नवराही असाच आणशील गं! किल्ली लागली की झालं!”

गिऱ्हाइकं हसली. उयेन तशीच मागे फिरली.

दुकानापाशी तिच्या गाडीला टेकून एक उंच मुलगा भिजत उभा होता.

“माझी किल्ली तुमच्या गाडीला लागेना,” तो म्हणाला. “तुमची मात्र माझ्या गाडीला चटकन लागली.”

“माफ करा हं... मी खरंच—”

“ते असू दे. पीठ फुगलं का?”

“झाकण उचललंय त्याने.”

तो इतका मनापासून हसला, की उयेनने उगाचच स्वतःच्या गाडीचा आरसा पुसला. ओल्या आरशात तो आणखी ओला दिसत होता.

त्याचं नाव क्वान. फुलांच्या हरितगृहांत तो ठिबकच्या नळ्या बसवायचा. घरच्या थंडीत पीठ फुगत नाही, म्हणून डबा कामावर नेऊन गुलाबांच्या रोपांमध्ये ठेवायचा.

“आणि तुम्ही काय करता?”

“टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये आहे. काचेच्या बरण्यांत रोपं वाढवतो आम्ही.”

“मग यीस्टमधलं कळत असेल तुम्हाला!”

“यीस्ट दिसलं की आम्ही बरणी फेकून देतो.”

तो पुन्हा हसला. “माझे पाव फेकायच्याच लायकीचे होतात. बघायला याल एकदा? मला ते जमायलाच हवेत. हानसाठी.”

हान... तोवर पाऊस उयेनला छान वाटत होता.

हान त्याच्याबरोबर कॉलेजात होती. सायगॉनला नोकरी लागली आणि ती गेली. जाताना म्हणाली होती, तुमचा दालातचा पाव म्हणजे चप्पल चावल्यासारखा. सायगॉनसारखा पाव खायला घाल, मग परत यायचा विचार करते. आता तिच्या कंपनीची शाखा इथे निघणार होती. थोड्याच आठवड्यांत ती जागा बघायला येणार होती.

“थट्टेत म्हणाली असेल,” उयेन म्हणाली.

“असेल,” तो म्हणाला. “पण मी नाही घेतलं थट्टेत.”

पुढच्या रविवारी उयेन त्याच्या घरी गेली. स्वयंपाकघर लहान, ओव्हन त्याहून लहान. क्वानचे हात मात्र पिठावर फार सुरेख चालायचे; ढकलायचे, दुमडायचे, पुन्हा ढकलायचे. दाढीच्या पात्याला तेल लावून त्याने पावाच्या पाठीवर एकच लांब चीर दिली आणि पाव आत सरकवले. दोघं ओव्हनच्या काचेपुढे उकिडवी बसली. खांद्याला खांदा लागत होता.

चीर उघडलीच नाही. पाव वरून जाड, निबर झाले.

ओव्हनचं दार उघडून कोरडी झळ तोंडावर आली, त्याच क्षणी उयेनला कळलं. ओव्हनमध्ये वाफ नव्हती. पाव फुगण्याआधीच त्याचं कवच वाळून घट्ट होत होतं. खाली एका पत्र्यात उकळतं पाणी ठेवलं असतं, तर पृष्ठभाग ओला राहिला असता, चीर फाकली असती, कवच अंड्याच्या टरफलासारखं पातळ झालं असतं. लॅबच्या बरण्या वाफेवर निर्जंतुक करताना ती रोज वाफेतच काम करायची. हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

“काय वाटतं?” क्वानने विचारलं. नाकावर पीठ होतं त्याच्या.

“अं... चिमूटभर व्हिटॅमिन सी घालून बघू या,” ती म्हणाली.

त्यानंतरचे सगळे रविवार असेच गेले. तिने त्याला पीठ बदलायला लावलं, अंडं घालायला लावलं, जास्त तिंबायला लावलं. सगळे सल्ले खरेच होते. गाभा हलका होत गेला, दोघांमधलं ‘अहो-जाहो’ गळून पडलं, आणि कवच चिवटच राहिलं. तो पाव मोडायचा, ती समोर बसून मुकाट्याने चावायची.

“रविवारची कुठे निघालीस?” आई विचारायची.

“पाव करायला.”

“माझ्या टपरीवर पावांचा ढीग आहे, तो दिसत नाही तुला!”

एकदा ती चालत आली होती, तेव्हा सोडायला निघताना त्याने भिंतीवरचं गुलाबी हेल्मेट तिच्या हातात दिलं. तिने ते घातलं. पट्टा तिच्या हनुवटीला अपुरा होता. दुसऱ्या कुणाच्या तरी नाजूक हनुवटीच्या मापाचा. आत शाम्पूचा गोड वास होता. ती वाटभर श्वास रोखून बसली. उतरल्यावर तिने सैल केलेला पट्टा होता तसाच, अगदी त्याच खुणेवर घट्ट करून परत दिला.

“सैल राहू दे ना,” क्वान म्हणाला.

“नको. तिला मोठं होईल.”

हान यायच्या आदल्या दुपारी तिचा फोन आला. क्वानचे हात पिठात होते, म्हणून त्याने कोपराने स्पीकर लावला.

“काय रे, चपला जमल्या का?” आवाज किणकिणता होता. उयेनला तो आवडला, आणि म्हणूनच सहन झाला नाही.

“उद्या बघशीलच. उयेन म्हणते, पीठ आता बरोबर आहे.”

“किती वाजता भाजणार आहेस? गरमच हवेत हं मला.”

“थांब, उयेनला विचारतो—”

पण उयेनला फक्त ते किणकिणणं ऐकू येत होतं. तिने हात धुतले, काहीतरी पुटपुटली आणि बाहेर पडली. घरी येऊन ती आईच्या टोपातले गोळे उगाच ढवळत बसली.

“गोळे फुटतील,” आई म्हणाली. “आणि त्या पोरीचा त्यात काही दोष नाही.”

“कुठल्या पोरीचा?”

“जिच्यावर जळतेयस तिचा.”

उयेनने ढवळणं थांबवलं. उद्या पाव निबर होणार, हान हसणार, परत जाणार. हेच तर हवं होतं. पण मग क्वान जो उरेल, तो हानने नाकारलेला उरेल. त्याने स्वतः कुणाला निवडलं असतं, ते कधीच कळणार नाही. ज्या प्रयोगात आपणच हात घातला, त्याच्या निकालावर ती लॅबमध्येसुद्धा विश्वास ठेवत नसे.

रविवारी सकाळी ती गेली, तेव्हा पाव चिरून तयार होते. तिने न विचारता खालच्या कप्प्यात लोखंडी तवा ठेवला, तो तापू दिला, पाव आत गेल्याबरोबर तव्यावर उकळतं पाणी ओतलं आणि दार लावलं. काच पांढरी झाली.

काच निवळली तेव्हा चीर हळूच उघडत होती. तिची कड ओठासारखी वर उचलली गेली.

क्वान बघतच राहिला. “हे... तुला आज सुचलं?”

“नाही.”

“मग कधी?”

“पहिल्याच रविवारी.”

“उयेन! इतके रविवार मी चामडं खाल्लं!”

“मीही खाल्लं. तुझ्यासमोर बसून.”

“पण सांगितलं का नाहीस?”

ओव्हनचा काटा फिरत होता. तिने तो पाहत सांगितलं, “पाव जमले असते तर... ती राहिली असती. आणि मग मी कशाला आले असते इथे?”

त्याने ओव्हनकडे तोंड वळवलं. रागावला असावा. पाव बाहेर काढले आणि थंड हवा लागताच ते तडतडू लागले. बारीक, भराभर, जणू कढईत मोहरी पडतेय. दोघंही ऐकत उभी राहिली.

“जा,” ती म्हणाली. “स्टँडवर हानची बस येईल. तासाभरात मऊ पडतात हे.”

क्वानने पाव वर्तमानपत्रात गुंडाळले, गाडीला किक मारली. उयेनने टेबलावरचं पीठ पुसायला घेतलं.

“चल ना,” तो बाहेरून ओरडला. “टपरीवरचा मावशींचा रस्सा संपेल!”

तिने फडकं खाली ठेवलं. “तिकडे... हान थांबली असेल.”

“जाईन नंतर. सांगेन की पाव संपले.”

“एवढंच?”

“कुणी संपवले तेही सांगेन.”

तिच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. ती त्याच्या मागे बसली. दोघांच्या मधे पाव होते, गरम, अजून तडतडणारे. चढावर गाडीचा वेग मंदावला, तशी ती पुढे वाकून म्हणाली,

“क्वान... नंतर स्टँडवर जायलाच हवं का? फोनवर सांगता येतं की!”

तो इतका हसला की गाडी रस्ताभर डुलत गेली.