पात्यांचे वळ

त्या संध्याकाळी मी चिमटा आणायला खाली गेले होते. अडलेल्या बाळाचं डोकं दोन वाकड्या पात्यांत धरून बाहेर काढायचा लोखंडी चिमटा. हल्ली तो क्वचितच लागतो, म्हणून निर्जंतुक करून, कापडात बांधून तळमजल्यावरच्या कपाटात ठेवलेला असायचा.

वर चंचल दुपारपासून अडली होती. तिचा नवरा भिकन पलसाण्याच्या कापड रंगवायच्या मिलमधून तसाच आलेला, रंगाने निळे झालेले हात घेऊन जिन्यात बसला होता. बाळाचे ठोके मंदावत होते.

"योगिता, पळ," आमच्या डॉक्टर रजनी मॅडम म्हणाल्या होत्या. "मोठ्या दवाखान्यात न्यायला आता वेळ नाही."

गठ्ठा छातीशी धरून मी जिना चढले, आणि बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी पोचतेय तोच लाइट गेली.

अंधारात वास आला. ओल्या, जुन्या चामड्याचा. मग आतून आवाज... लोखंडात लोखंड अडकल्याचा, पण दबका, पांघरुणाखालून यावा तसा. आणि बाळ रडलं.

इन्व्हर्टर लागला. मॅडम बेसिनपाशी उभ्या होत्या, कोपरापर्यंत साबण. बाळ चंचलच्या पायांशी, चादरीवर. दोन्ही गालांवर पात्यांचे लाल वळ.

"तू... लावलास?" मॅडमनी विचारलं.

मी गठ्ठा पुढे केला. त्याची गाठही सुटलेली नव्हती.

आम्ही नाळ कापली, बाळ पुसलं. चंचल क्षीण आवाजात म्हणाली, "सिस्टर, मन्हा डोयावर फडकं कोन बांधं व्हतं?"

मॅडमचा हात थांबला. मला बाजूला घेऊन त्या कुजबुजल्या, "फार पूर्वी, परदेशात, बाळंतपणं करणाऱ्या पुरुषांचं एक घराणं होतं. चिमटा फक्त त्यांच्याकडे. पिढ्यान् पिढ्या कोणाला दिसू दिला नाही. बाईचे डोळे बांधायचे, चादरीखाली हात घालायचे. पुढे तर लोखंड वाजू नये म्हणून पात्यांना चामडं गुंडाळलं..."

चंचलने माझं मनगट धरलं. "आनि दुसरं पोर? तो मानूस कोठे लई गया?"

"एकच होतं गं. सोनोग्राफीत एकच दिसलं होतं."

तेवढ्यात बाळामागची वार पडली. मॅडमनी ती तबकात घेतली, उलटली, दिव्याखाली धरली.

वारेला नाळा दोन होत्या. एक आम्ही कापली होती. दुसरी आधीच कापलेली होती, आणि तिच्या टोकाला काळ्या दोऱ्याची घट्ट गाठ मारलेली होती.