शेळीनं खाल्लेलं गणित

हरिओमच्या शेळीनं माझ्या नातीचं गणित खाल्लं, तिथून हे सगळं सुरू झालं बघा.

नात म्हंजी मोहिनी. बेंगळुरूला लई मोठं शिकती. सुट्टीला धारूरला आली, पर काम सोबत घिऊन. घरात रेंज न्हाई, म्हणून मीच तिला किल्ल्याखालच्या माळावरला सपाट दगड दावला. म्हणलं, "गच्चीवर जाऊ नको बाई. तिथं सात हात लांब नाग हाय. मिशावाला."

ती दगडावर बसली, कागद बाजूला ठिवला, आन एका चुकार शेळीनं तो चावून गिळला.

"अहो! तुमच्या शेळीनं माझं तीन दिवसांचं काम खाल्लं!"

हरिओम पळत आला. "सकाळपर्यंत दम धरा म्याडम. मिळंल परत... लेंड्यांत."

मोहिनी चिडली, आन मंग हसली. ते हसू बघून गडी हातातली काठीच तिथं विसरला. दुसऱ्या दिवशी काठी न्यायला आला, शेळ्यांसकट. जाताना परत विसरला. असं पंधरा दिवस!

"एवढं काय लिहिता?" एकदा त्यानं इचारलं.

"मेंदूसारखा कॉम्प्युटर करायचाय. त्यात आठवण धरायला एकच रेणू. डोळ्याला दिसत पण नाही एवढा बारीक. करंट दिला की तो वळतो. परत परत दिला की वळण पक्कं होतं. तो आधी मी गणितात बनवून बघतीय."

"मंग अडलं कुठं?"

"करंट थांबला की माझा रेणू सगळंच विसरतो. खरा रेणू थोडंच विसरतो. सोमवारपर्यंत जमलं नाही, तर सर हे काम दुसऱ्याला देणार."

हरिओम खाली बसला. बोटानं गवत बाजूला सारलं. "ही आमची जुनी वाट. दोन वर्सं इकडं शेळ्या आणल्याच नव्हत्या. वर गवत आलं, वाट गेली असं वाटतं. पर खाली हात लावून बघा..."

तिनं लावला. माती दगडावानी घट्ट.

"वरलं लवकर इसरतं. खालचं न्हाई."

त्याचा हात तिच्या हाताशेजारीच व्हता... दोघांनीबी हलवला न्हाई.

"दोन आठवणी!" मोहिनी एकदम ओरडली. "एक कच्ची, एक पक्की! मी एकच धरली होती!"

रविवारी गणित जुळलं. काम तुझंच, असं सरांनी कळवलं. पर सोमवारी सकाळची गाडी. ती दगडाकडं गेली तर हरिओम तिथंच, गवताची काडी चावत.

"दोन वर्षं इकडं शेळ्या आणल्या नव्हत्या म्हणालात," ती म्हणली. "मग आता का? चारा तर डोंगरापल्याड आहे."

"शेळ्यांस्नी इचारा."

"मी तुम्हाला विचारतीय."

गड्याचे कान लाल. "तुमी गेल्यावर... गवत येईल इथं. येऊ द्या. खालचं जाणार न्हाई."

मोहिनीनंच त्याची काठी उचलून काखेत मारली. "गवत येऊ द्यायचं नाही. रोज यायचं इथं. काठी दिवाळीला आले की मिळंल!"

घरी आली ती थेट गच्चीवर गेली. वरूनच ओरडली, "आजे! इथं तर फुल रेंज आहे! आन नाग कुठंय?"

"गेला की. आत्ताच," मी म्हणलं. "तोच रेंज अडवून बसला व्हता मेला."