पाठमोरा

कमळाकर मास्तरांना गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचाही. उभ्या शहापूर तालुक्यात भातसा नदी रंगवावी तर त्यांनीच. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी सापगावच्या पुलाच्या खालच्या अंगाला स्टूल टाकून बसत. "डोळ्यांनी जे पाहिलं नाही, ते माझा ब्रश काढत नाही," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की म्हशी हाकणारा मंगळू ते त्यांच्या आधी म्हणून टाकी.

त्या हिवाळ्यात एक चित्र असं उतरलं, की मास्तर स्वतःच हरखले. संथ पाणी, करंजाची सावली आणि करंजाच्या पलीकडे काठाकाठाने एकटाच निघालेला पाठमोरा माणूस, अंगात निळा शर्ट. घरी आणून त्यांनी ते भिंतीला टेकवलं आणि बायकोला हाक मारली.

वत्सलाबाई पदराला हात पुसत आल्या नि जागीच थबकल्या.

"यो तर आपला ओमकार."

तीनेक वर्षांपूर्वी पोरगा मास्तरांशी भांडून नदीच्याच वाटेने गेला होता. निघताना "जातो" म्हणाला. मास्तर ओट्यावरून त्याची पाठ बघत राहिले, पण हाक काही मारली नाही. त्यानंतर ना त्याचा पत्ता, ना फोन.

चित्राच्या कोपऱ्यात त्यांनी नाव घातलं होतं, ‘जातो’.

"असं नाय म्हनायचं वो," वत्सलाबाई म्हणाल्या. "येतो म्हनायचं. पुसा ते."

कुणाच्या सांगण्यावरून रेघही न हलवणाऱ्या मास्तरांनी ते पुसलं आणि ‘येतो’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी माणूस करंजाच्या अलीकडे होता.

मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. रंग वाळलेला, फटकारे त्यांचेच. घाबरायचं सोडून त्यांची छाती फुगली. वत्सलाबाई तर तिथून हलेनात; तांदूळसुद्धा चित्रासमोर बसून निवडू लागल्या. तो रोज थोडा मोठा होई. पाठ आपल्याकडे, पाऊल पलीकडे टाकलेलं, तरी येत होता तो जवळच. मानेवरचा तीळ दिसला तेव्हा त्या माउलीला रडू आवरेना.

"माझ्या हातानं आणला त्याला," मास्तर म्हणाले. आयुष्यात इतका अभिमान त्यांना कशाचाच वाटला नव्हता.

होता होता निळ्या शर्टामागे नदी दिसेनाशी झाली.

मग एका दुपारी चित्रात नुसतं पाणी होतं, आणि करंज.

स्वयंपाकघरात पाटावर कुणीतरी बसलं होतं. निळा शर्ट. मानेवर तीळ.

मास्तर दारातच ताठ उभे राहिले. डोळे भरून आले होते. "आला की नाही?"

वत्सलाबाई भाताचं पातेलं घेऊन चुलीच्या बाजूने पुढे झाल्या. थांबल्या.

मोरीच्या बाजूने वळून आल्या. पुन्हा थांबल्या.

"अवो," त्या हळूच म्हणाल्या, "याचं तोंड कुठल्या अंगाला हाय?"